ड्राइव्ह-थ्रू इंटरकॉमसाठी नवा व्हेइकल डिटेक्टर कसा जोडावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपुरात अमरावती रोडवरच्या तुमच्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यू बोर्डाजवळ जमिनीत लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांची चौकट, टाकलेला आहे. गाडी त्यावर थांबली की आतल्या मुलांच्या हेडसेटमध्ये टोन वाजायचा आणि माइक सुरू व्हायचा. जूनमधल्या पहिल्या गडगडाटी पावसात बेस स्टेशनशेजारचा (हेडसेट ज्याला जोडलेले असतात त्या आतल्या मुख्य यंत्राशेजारचा) डिटेक्टर, म्हणजे लूपवरची गाडी ओळखणारा डबा, जळाला. त्याच मॉडेलचा मिळेना, म्हणून तुम्ही अकरा पिनांचा, २३० व्होल्टवर चालणारा दुसरा आणला आणि रंग पाहून वायरी बसवल्या. आता त्याचा पॉवरचा दिवा लागतो, पण लेन रिकामी असली तरी हेडसेटमधला टोन थांबत नाही. कोणती वायर कोणत्या पिनवर न्यावी, एवढेच तुम्हाला हवे आहे.

पिनांचे क्रमांक सांगणे अवघड नाही, पण त्याने तुमचे काम होईलच असे नाही. डिटेक्टरच्या वायरी जिथे येतात त्या दोन टर्मिनलवर तुमच्या बेस स्टेशनला नेमके काय हवे आहे, यावर सगळे अवलंबून आहे. काही बेस स्टेशनांमध्ये डिटेक्टरचे कार्ड आतच असते आणि जमिनीतला लूप थेट त्यांच्या टर्मिनलवर येतो. काहींना बाहेरच्या डिटेक्टरच्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या आतल्या स्विचचा) कोरडा संपर्क हवा असतो, म्हणजे ज्यात स्वतःचा व्होल्टेज नाही, केवळ जुळणे आणि सुटणे आहे. तिसऱ्या प्रकारात डिटेक्टर त्याच कंपनीचा वेगळा डबा असतो, तो आपला १२ किंवा २४ व्होल्टचा सप्लाय बेसकडूनच घेतो आणि एका सिग्नलच्या वायरीवरून गाडी आल्याची खबर देतो. तुमचा जुना डबा वेगळा होता आणि त्यातून बेसकडे दोनपेक्षा जास्त वायरी जात होत्या असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून माझा अंदाज तिसऱ्या प्रकाराकडे झुकतो. तरीही अंदाजावर स्क्रूड्रायव्हर चालवू नये.

हा अंदाज खरा असेल तर एक धोका आधी सांगतो. जुन्या डब्यातली लाल-काळी जोडी बहुधा बेसकडून येणारा कमी व्होल्टचा सप्लाय होती. नव्या डिटेक्टरला मात्र पॉवरच्या पिनांवर २३० व्होल्ट लागतात. या दोन जोड्या चुकून एका टर्मिनलवर आल्या तर मेनचा करंट थेट बेस स्टेशनच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाईल आणि मग प्रश्न डिटेक्टरपुरता राहणार नाही. जुनी लाल-काळी जोडी बेसच्या टोकाकडून सोडवा किंवा प्रत्येक वायरीचे टोक वेगळे झाकून ठेवा. तिच्यावर अजूनही व्होल्टेज असू शकतो. २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडून, एमसीबी बंद करून आणि टेस्टरने खात्री करून घेतल्यावरच व्हावे.

आता तुमच्या न थांबणाऱ्या टोनकडे वळू. नव्या डिटेक्टरवर पॉवरशिवाय आणखी एक दिवा असतो, जो गाडी ओळखली की लागतो. लेन पूर्ण रिकामी असताना तो दिवा काय करतो ते आधी पाहा. तो विझलेला असेल आणि टोन तरीही वाजत असेल, तर लूप आणि डिटेक्टर आपले काम बरोबर करत आहेत आणि दोष रिलेपासून बेसपर्यंतच्या भागात आहे. तो सतत लागलेला किंवा लुकलुकत असेल, तर दोष लूपमध्ये, फीडरमध्ये (लूपपासून डिटेक्टरपर्यंतच्या वायरींत) किंवा सेटिंगमध्ये आहे आणि रिलेच्या वायरी कितीही उलटसुलट केल्या तरी फरक पडणार नाही. या एका नजरेत अर्धा दिवस वाचतो.

दिवा विझलेला आहे असे धरू. बेसच्या टर्मिनलवरून रिलेच्या दोन्ही वायरी काढून घ्या. टोन थांबला, तर बेसला मोकळा संपर्क म्हणजे रिकामी लेन असे समजते आणि तुम्ही रिलेचा नॉर्मली क्लोज्ड (रिले सुटलेला असताना जुळलेला) संपर्क वापरला आहे. तो सोडून नॉर्मली ओपन (रिले सुटलेला असताना उघडा) घ्या, काम संपले. टोन थांबला नाही, तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ती दोन मोकळी टर्मिनले मोजा. तिथे ५, १२ किंवा त्याच्या आसपास स्थिर डीसी व्होल्टेज मिळाला, तर ते संपर्काचे इनपुट असण्याची शक्यता मोठी आहे आणि कदाचित त्याचे तर्कशास्त्र उलटे आहे, म्हणजे रिकाम्या लेनमध्ये संपर्क जुळलेला हवा. झाकणाच्या आतल्या आकृतीत ते टर्मिनल इनपुटच आहे, पॉवर आउटपुट नाही, याची खात्री झाल्यावर क्षणभर दोन टर्मिनले तारेने जोडून पाहा. टोन थांबला तर शंका मिटली.

मात्र तिथे डीसी काहीच मिळाले नाही, आणि बेस बंद करून ओहममध्ये मोजल्यावर जवळजवळ शून्य दिसले, तर ती लूपची टर्मिनले असण्याची शक्यता जास्त आहे, कारण लूपच्या इनपुटमागे बहुतेक वेळा एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो आणि मीटरला त्याच्या गुंडाळीचा रोध दिसतो. अशा टर्मिनलवर रिले जोडला की संपर्क उघडा असताना बेसला लूप तुटलेला दिसतो आणि जुळला की लूप शॉर्ट झालेला दिसतो. दोन्ही अवस्था त्याच्या लेखी दोषाच्या आहेत. बरीच उपकरणे दोषाच्या वेळी गाडी आहे असेच मानतात, म्हणजे ग्राहक लेनमध्ये दुर्लक्षित उभा राहू नये. तुमचा टोन न थांबण्याचे कारण हेही असू शकते. तसे निघाल्यास बाहेरच्या डिटेक्टरसाठी बेसवर वेगळे इनपुट आहे का आणि ते चालू करायला जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा मेन्यूतले सेटिंग लागते का, ते पाहा. नसेल तर नवा डिटेक्टर परत करून बेसचे मूळ कार्ड बदलणे हाच सरळ मार्ग आहे. आणि एक लूप एकाच वेळी दोन डिटेक्टरना कधीही जोडू नका; दोघांची आंदोलने एकमेकांत मिसळतात आणि दोघेही खोटे बोलू लागतात.

हे का घडते ते कळण्यासाठी डिटेक्टर काय करतो ते थोडक्यात सांगतो. तो गाडीचे वजन मोजत नाही आणि त्यात चुंबकही नसतो. जमिनीतल्या तारेच्या वेढ्यांना तो साधारण २० ते १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आंदोलित ठेवतो. वर धातूची गाडी आली की तिच्या पत्र्यात भोवरा-प्रवाह निर्माण होतात, लूपचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा वेढ्यांचा गुण) किंचित कमी होते आणि आंदोलनाची वारंवारता किंचित वाढते. हा बदल बऱ्याचदा टक्क्याच्या लहान अंशाएवढाच असतो. एवढा बारीक बदल ज्याला टिपायचा आहे, त्याला ढिला जोड, ओलसर इन्सुलेशन किंवा हलणारी वायर हीसुद्धा गाडीच वाटते.

म्हणूनच डिटेक्टर जळाला असे कळले तरी मी आधी लूप तपासतो. विजेच्या सर्जने डिटेक्टर गेला असेल तर त्याच सर्जने लूपच्या इन्सुलेशनलाही छिद्र पाडलेले असू शकते, आणि नवा डबा त्याच रोगट लूपवर बसवला तर दोष नव्या डब्याच्या माथी येतो. लूपची दोन्ही टोके डिटेक्टरपासून पूर्ण सोडवा आणि तीन मापे घ्या.

पहिले माप रोधाचे. समजा, तुमचा लूप २ मीटर बाय १ मीटर आहे, त्यात ४ वेढे आहेत आणि फीडर २० मीटरचा आहे. वेढ्यांची तार २४ मीटर, फीडरच्या जाण्यायेण्याची ४० मीटर, एकूण ६४ मीटर. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, म्हणजे तुमच्या मीटरवर साधारण ०.८ ओहम दिसायला हवेत. मीटरच्या प्रोबांचा स्वतःचा रोध आधी दोन्ही टोके एकत्र धरून मोजा आणि वजा करा. ४-५ ओहम आले, किंवा फीडर हाताने हलवताना आकडा नाचू लागला, तर कुठेतरी गंजलेला जोड आहे. अशा वेळी मी सर्वांत आधी लेनच्या कडेचा चेंबर उघडतो. तिथे बहुधा पीळ देऊन पीव्हीसी टेप गुंडाळलेला जोड सापडतो, टेप सुटून चिकट झालेली असते आणि आत तांबे हिरवे पडलेले असते. असा जोड कापून टाका, सोल्डर करा, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि जोड चेंबरच्या तळाशी न ठेवता वर टांगा.

दुसरे माप इन्सुलेशनचे. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, लूप आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा, निदान १० मेगाओहम तरी यायला हवेत. डिटेक्टर किंवा बेस जोडलेला असताना मेगर लावलात तर उरलेसुरले इलेक्ट्रॉनिक्सही जाईल, म्हणून टोके मोकळी आहेत ना हे पुन्हा पाहा. नागपूरपुरती यात एक भर घालतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, जमीन इतकी कोरडी असते की जखमी लूपही मेगरवर उत्तम दिसतो आणि मृग लागल्यावर तोच लूप दगा देतो. तुमच्याकडे आता पाऊस झाला आहे, त्यामुळे माप खरे मिळेल. उन्हाळ्यात हे काम करणाऱ्याने मात्र लूपची तार ज्या खाचेत बसवली आहे तिच्यावर भरपूर पाणी ओतून, ते मुरू देऊन मगच मेगर फिरवावा.

तिसरे माप इंडक्टन्सचे, आणि त्यासाठी एलसीआर मीटर लागतो. वर सांगितलेल्या लूपचे इंडक्टन्स साधारण १०० मायक्रोहेन्रीच्या आसपास भरते आणि फीडर त्यात थोडी भर घालतो. बहुतेक डिटेक्टर २० ते १००० मायक्रोहेन्रीपर्यंत चालतात, त्यामुळे तुम्ही मर्यादेच्या पुष्कळ आत आहात. एलसीआर मीटर नसेल तर हे माप सोडून द्या. पहिली दोन मापे चांगली असतील आणि डिटेक्टर चालू करताना तो लूपचा दोष दाखवत नसेल, तर एवढे पुरे.

मापे वाईट आली तर लूप नवा टाकावा लागेल. त्याचा सविस्तर विचार वेगळा करता येईल, पण आपल्या भागातली अडचण सांगून ठेवतो. शहरात पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिच्यावरचा पातळ काँक्रीटचा थर तडकतो. तड लूपच्या खाचेला आडवी गेली की तार तुटते. जुन्या तडा आधी पाहून ठेवा आणि खाच शक्यतो एकाच स्लॅबमध्ये बसवा. काँक्रीटमधली सळई लूपपासून निदान ५० मिलिमीटर खाली असावी, कोपरे ४५ अंशांत तिरके कापावेत म्हणजे धारदार कोपऱ्यावर तार सोलत नाही, आणि खाच भरायला आपल्या ४५ अंश सेल्सियसच्या उन्हात मऊ पडणारे साधे डांबर न वापरता इपॉक्सी किंवा लूपसाठीच बनवलेले सीलंट घ्यावे. पेव्हर ब्लॉकची लेन असेल तर ब्लॉकच्या फटींत तार दाबून काम उरकू नका. ब्लॉक गाड्यांखाली सरकतात आणि तार घासते.

आता नवा डिटेक्टर जोडताना. अकरा पिनांचे सॉकेट दिसायला सारखे असले तरी पिनांची कामे कंपनीनुसार बदलतात. पॉवर १ आणि २ वर आणि लूप ७ आणि ८ वर ही मांडणी पुष्कळ ठिकाणी आढळते, पण रिलेच्या पिनांबाबत असा भरवसा ठेवता येत नाही. एका प्रकारात ४ नंबरवर अर्थ असते, दुसऱ्यात त्याच ४ नंबरवर रिलेचा कॉमन असतो. डिटेक्टरच्या अंगावर छापलेली आकृती हीच तुमच्यासाठी प्रमाण. तिच्यावर सप्लायचा आकडाही पाहा, कारण सारख्याच खोक्यात १२, २४, १२० आणि २३० व्होल्टचे प्रकार येतात आणि १२० चा डबा आपल्या मेनवर लावला की तो धूर काढतो.

रिलेवरची नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड ही नावेही डोळे झाकून मानू नका. काही डिटेक्टर फेल-सेफ असतात, म्हणजे लेन रिकामी असताना रिले खेचलेला असतो आणि गाडी आली किंवा वीज गेली की सुटतो. त्यामुळे वीज बंद असताना घेतलेले माप आणि चालू असतानाचे माप उलटे येते. डिटेक्टर चालू ठेवा, रिलेच्या वायरी बेसपासून मोकळ्या ठेवा, मीटर बीपवर लावा आणि कुणाला तरी लूपवर गाडी आणून परत न्यायला सांगा. गाडी असताना जो संपर्क जुळतो आणि गेल्यावर सुटतो, तो तुम्हाला हवा आहे. बेसचे तर्कशास्त्र उलटे असल्याचे आधी दिसले असेल तर त्याच्या नेमका विरुद्ध. वरची परीक्षा केली असेल तर इथे छापलेल्या नावांची गरजही उरत नाही.

लूपच्या दोन वायरी खाचेतून बाहेर पडल्यापासून थेट सॉकेटच्या स्क्रूपर्यंत पीळ दिलेल्या असाव्यात, मीटरला निदान २० पीळ. पॅनेलच्या आतही. बाहेर नीट पिळलेली जोडी आत आल्यावर वेगळी करून, गुंडाळी करून, मेनच्या केबलशेजारी कोंबलेली असते, आणि मग फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू झाला की खोट्या गाड्या येऊ लागतात. जास्तीची फीडर गुंडाळून ठेवू नका, कापा. माइक आणि स्पीकरची केबल वेगळ्या कंड्युटमध्ये असावी.

अर्थ हा भाग लोक टाळतात, कारण अर्थ न जोडताही डिटेक्टर चालतो. तो चालतो, पण त्यातल्या सर्ज-प्रतिबंधक घटकांना विजेचा धक्का जिरवायला जागाच उरत नाही. तुमचा जुना डबा गडगडाटात गेला आहे. त्याच्या अर्थच्या टर्मिनलवर वायर होती का, ते काढलेल्या डब्यावर अजूनही दिसेल. नव्यासाठी चांगल्या अर्थपर्यंत आखूड वायर न्या.

सप्लायबद्दल माझे मत स्पष्ट आहे. डिटेक्टर ज्या लाइनवर आहे ती लाइन बिलिंगच्या संगणकाच्या यूपीएसवर घ्या. तो फार थोडे वॅट खातो. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, की प्रत्येक वेळी डिटेक्टर स्वतःला नव्याने जुळवून घेतो आणि त्या क्षणी लूपवर जे असेल त्यालाच रिकामी लेन समजतो. संध्याकाळच्या गर्दीत लूपवर गाडी उभी असतानाच असे झाले, तर त्या गाडीचा टोन वाजत नाही, ती निघून गेल्यावर डिटेक्टर पुन्हा जुळेपर्यंत भलतेच वागतो, आणि मॅनेजर फोन करून सांगतो की डिटेक्टर कधीकधी बिघडतो. हे कधीकधी म्हणजे बहुधा वीज जाण्याची वेळ असते.

सेटिंगमध्ये पल्स (गाडी आल्यावर एकदाच क्षणिक सिग्नल) न घेता प्रेझेन्स (गाडी असेपर्यंत सिग्नल) घ्या, आणि प्रेझेन्सला वेळेची मर्यादा असेल तर ती काढून कायम ठेवा. सहा जणांचे कुटुंब बोर्डासमोर पुष्कळ वेळ थांबते आणि मर्यादा संपली की अर्ध्या ऑर्डरमध्येच माइक बंद होतो. शेजारी दुसऱ्या लेनचा किंवा पैसे देण्याच्या खिडकीचा डिटेक्टर असेल, तर दोघांचे वारंवारतेचे स्विच वेगवेगळे ठेवा.

संवेदनशीलता मी सर्वांत शेवटी ठरवतो, आणि आपल्याकडे ती कारवर ठरवून चालत नाही, कारण लेनमध्ये स्कूटरवाले येणारच. लूपच्या मधोमध स्कूटर सर्वांत कमी जाणवते, लांब बाजूच्या तारेवर उभी राहिली तर चांगली जाणवते. म्हणून स्कूटर तारेवर थांबेल अशा जागी पांढरी रेघ मारून घ्या, ती ओळखली जाईपर्यंत संवेदनशीलता एकेक पायरीने वाढवा, आणि मग शेजारून जाणारी मोठी गाडी पकडली जात नाही ना ते पाहा. पकडली जात असेल तर एक पायरी मागे या. दोन्ही एकत्र साधत नसतील तर लूपचा आकार चुकला आहे आणि सेटिंगने तो सुधारणार नाही. उंच गाड्यांच्या बाबतीत मधेच टोन तुटत असेल तर बूस्टचे सेटिंग (गाडी ओळखल्यावर संवेदनशीलता वाढवून ठेवणारे) चालू करा. साधारण विचार असा की लूपची ओळखण्याची उंची त्याच्या आखूड बाजूच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश इतकी असते.

थोडक्यात क्रम असा: रिकाम्या लेनमध्ये ओळखीचा दिवा पाहणे, बेसच्या टर्मिनलवर काय हवे ते मीटरने ठरवणे, लूप सोडवून रोध आणि मेगर घेणे, मगच सॉकेट आकृतीनुसार वायर करणे आणि शेवटी सेटिंग. यानंतरही टोन थांबला नाही, तर तीन गोष्टी लिहून कळवा: दिवा लागतो की विझलेला असतो, बेसच्या मोकळ्या टर्मिनलवरचा डीसी व्होल्टेज, आणि लूपचा मेगर. जुन्या डब्याच्या मागचे लेबल वाचता येत असेल तर त्यावरची वायरींची यादीही जशीच्या तशी उतरवून द्या. जळका वास येत असला तरी तो डबा अजून भंगारात देऊ नका.